‘उद्यापासून कामावर येऊ नका’
लहान आस्थापनांतील कामगारांची सेवासमाप्ती आणि कायद्याचे संरक्षण

तालुक्याच्या गावातील कापडाचे दुकान, औद्योगिक वसाहतीतील लहानसा कारखाना, छपाईचा छापखाना, तेलघाणी किंवा मालवाहतुकीची पेढी अशा ठिकाणी काम करणाऱ्या माणसांची संख्या मोठी आहे. या ठिकाणी मालक आणि कामगार एकमेकांना नावाने ओळखतात. नेमणूक बहुधा तोंडी होते, पगार पुष्कळदा रोखीने दिला जातो आणि रजा, उचल यांचा हिशेब मालकाच्या वहीत राहतो. असे संबंध सुरळीत चालू असतात तोवर कागदाची उणीव कोणालाच जाणवत नाही. परंतु एखाद्या संध्याकाळी दुकान बंद करताना ‘उद्यापासून कामावर येऊ नका’ असे सांगण्यात येते, आणि अनेक वर्षांची नोकरी एका वाक्यात संपते. त्या वेळी आपल्या हाती काहीच नाही, अशी कामगाराची समजूत होते.

ही समजूत चुकीची आहे. मालकाने नोकर कमी करूच नये असे कायदा म्हणत नाही. मंदी आली, यंत्र बदलले किंवा धंदा आटोपता घ्यावा लागला, तर कामगार कमी करण्याचा अधिकार मालकाला आहे. मात्र तो कसा वापरावा, त्यासाठी कोणते कारण द्यावे आणि कोणती रक्कम मोजावी, हे कायद्याने ठरवून दिले आहे. लहान आस्थापनांतील कामगारांचे नुकसान कायद्याच्या अभावापेक्षा अधिक दोन गोष्टींमुळे होते : मुदतीत तक्रार केली जात नाही आणि पुरावा जपला जात नाही. अशा प्रसंगी कामगार प्रथम गावातील शिक्षक, पंचायत सदस्य किंवा ओळखीचा शासकीय कर्मचारी यांच्याकडेच येतो. म्हणून या विषयाची नेमकी माहिती त्यांना असणे अगत्याचे आहे.

कायद्याची वाटचाल

औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ साली झाला. कामगार कपातीसंबंधीच्या तरतुदी त्यात १९५३ मध्ये घालण्यात आल्या. कपात करण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस अथवा नोटिशीऐवजी वेतन आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयसमूहातील वॉर्ड सेवकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली असे स्पष्ट केले की, भरपाई देणे ही कपातीची पूर्वअट आहे. ती न पाळता केलेली कपात मुळातच अवैध ठरते. आधी काढावयाचे आणि पैशांचे पुढे पाहावयाचे, हा प्रघात कायद्याला मान्य नाही, हे या निर्णयाने पक्के झाले.

दुकाने व व्यापारी संस्थांसाठी राज्यात १९४८ चा स्वतंत्र अधिनियम होता. त्यात एक वर्ष वा अधिक सेवा झालेल्या नोकरास ३० दिवसांची आणि तीन महिन्यांपेक्षा अधिक परंतु एक वर्षापेक्षा कमी सेवा झालेल्यास १४ दिवसांची नोटीस देण्याची तरतूद होती. जुन्या पिढीतील दुकानदार व नोकर आजही या तीस आणि चौदा दिवसांचा उल्लेख करतात. परंतु तो अधिनियम २०१७ च्या नव्या अधिनियमाने रद्द झाला आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

केंद्रीय पातळीवर औद्योगिक संबंध संहिता, २०२०, वेतन संहिता, २०१९, सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयक संहिता, २०२० या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यामुळे १९४७ च्या अधिनियमाची जागा आता औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. कपातीची मूळ तत्त्वे मात्र या संहितेत कायम आहेत. ज्यांची सेवा या तारखेपूर्वी संपविण्यात आली, त्यांच्या हक्कांचा विचार त्या वेळच्या कायद्याच्या संदर्भात करावा लागतो.

कपात आणि बडतर्फी

सेवासमाप्तीचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. त्यांतील भेद समजला की पुढील बाबी सोप्या होतात.

पहिला प्रकार कपातीचा. शिस्तभंगाची शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची सेवा संपविली, तर ती कपात होय. स्वेच्छानिवृत्ती, नियत वयोमानानुसार निवृत्ती, कराराची मुदत संपल्यावर त्याचे नूतनीकरण न होणे आणि ठराविक मुदतीच्या नेमणुकीचा काळ पूर्ण होणे, हे त्याला अपवाद आहेत. ‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांचा अर्थ व्यापक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ पासून अनेक निर्णयांत सांगितले आहे. गैरहजेरीमुळे हजेरीपटावरून नाव कमी करणे हीसुद्धा कपातच होय, असा निर्णय १९८२ मध्ये झाला. म्हणून ‘आम्ही काढले नाही, फक्त नाव कमी केले’ हा युक्तिवाद टिकत नाही.

कपातीसाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, कारणे नमूद केलेली एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी एक महिन्याचे वेतन. दुसरी, कपातीच्या वेळीच द्यावयाची भरपाई. तिसरी, शासनाला विहित रीतीने सूचना. याखेरीज, एकाच वर्गातील कामगारांपैकी जो शेवटी आला त्याची कपात सामान्यतः प्रथम करावी लागते. हा क्रम मोडावयाचा असेल तर मालकाने त्याची कारणे नोंदविली पाहिजेत. कपातीनंतर एक वर्षाच्या आत नवी भरती करावयाची झाल्यास, कमी केलेल्या कामगारांना आधी संधी देणे मालकावर बंधनकारक आहे.

दुसरा प्रकार बडतर्फीचा. चोरी, अफरातफर, मारामारी किंवा अशा प्रकारच्या गैरवर्तनाचा आरोप ठेवून कामगाराला काढले जाते, तेव्हा कपातीची भरपाई लागू होत नाही. परंतु तेथे नैसर्गिक न्यायाची तत्त्वे आडवी येतात. आरोप लेखी कळविला पाहिजे, उत्तर देण्यास पुरेसा अवधी दिला पाहिजे, साक्षीपुराव्याची निःपक्षपाती चौकशी झाली पाहिजे आणि शिक्षा अपराधाच्या मानाने असली पाहिजे. लेखी स्थायी आदेशांचे बंधन ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरते आहे, हे खरे. तथापि, लहान आस्थापनेचा मालक म्हणून कोणालाही बाजू न ऐकता शिक्षा देण्याची मुभा मिळत नाही. न सांगता गैरहजर राहिल्याच्या कारणावरून नोकरी आपोआप संपते, अशी अट असली तरी कामगाराचे म्हणणे ऐकल्यावाचून ती वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ठरविले आहे.

सूडबुद्धीने काढणे, उघड खोट्या कारणाने काढणे, खोट्या फौजदारी प्रकरणात गोवून काढणे, गैरहजेरीचा बनावट आरोप ठेवणे किंवा किरकोळ चुकीला अवाजवी शिक्षा देणे या गोष्टी अनुचित कामगार प्रथांच्या यादीत मोडतात आणि संहितेने त्यांना मनाई केली आहे. प्रसूतिरजेवर असलेल्या स्त्री कामगारास त्या गैरहजेरीच्या काळात किंवा त्या कारणावरून कामावरून काढणेही बेकायदा आहे.

दोनशे चाळीस दिवसांचा हिशेब

नोटीस व कपातीची भरपाई यांचा हक्क एक वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगाराला मिळतो. सेवासमाप्तीच्या लगत आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असेल, तर कायद्याच्या दृष्टीने एक वर्षाची सलग सेवा झाली असे मानले जाते. हा हिशेब करताना अनेकदा चूक होते. केवळ प्रत्यक्ष कामाचे दिवस मोजून ‘तुमचे दिवस भरले नाहीत’ असे कामगाराला सांगण्यात येते. वस्तुतः ज्या रविवारांचे व सुट्यांचे वेतन दिले जाते, ते दिवसही यात धरावयाचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये तसा निर्णय दिला आहे. दरमहा २६ दिवसांप्रमाणे नऊ महिन्यांचे २३४ दिवस होतात आणि ते अपुरे दिसतात. पगारी साप्ताहिक सुट्या मिळविल्या की तोच आकडा २७० च्या आसपास जातो. त्यासाठी पूर्ण बारा महिने नोकरीत असणेही आवश्यक नाही.

ज्यांचे २४० दिवस भरत नाहीत, त्यांना कपातीची भरपाई मागता येत नाही. त्यांच्या नोटिशीचा प्रश्न नेमणुकीच्या अटींवर अवलंबून राहतो. परंतु केलेल्या कामाचे वेतन आणि अनुचित प्रथेविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार त्यांनाही आहे.

देय रकमांचे एक उदाहरण

एका दुकानात बारा माणसे काम करतात. त्यांपैकी एका विक्रेत्याचे मासिक वेतन १५,६०० रुपये आणि सलग सेवा ६ वर्षे ७ महिने झाली आहे, असे समजू. धंदा मंदावल्यामुळे नोटीस न देता त्याला कमी करावयाचे आहे. त्याला मिळावयाच्या रकमा पुढीलप्रमाणे येतील :

नोटिशीऐवजी एक महिन्याचे वेतन : १५,६०० रुपये.

कपातीची भरपाई : सहा महिन्यांहून अधिक असलेला उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने सेवा ७ वर्षे मानली जाईल. पंधरा दिवसांचे वेतन ७,८०० रुपये, त्याची सातपट ५४,६०० रुपये.

उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी : मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणावयाचे. म्हणजे वर्षाला ९,००० रुपये आणि सात वर्षांचे ६३,००० रुपये.

पुनर्कौशल्य निधी : कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या वेतनाच्या पंधरा दिवसांइतकी रक्कम या निधीत भरावयाची असते आणि कपातीपासून ४५ दिवसांत ती कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची असते. येथे ती ७,८०० रुपये येते.

या चार रकमांची बेरीज १,४१,००० रुपये होते. चालू महिन्याचे वेतन आणि देय असल्यास शिल्लक रजेचे वेतन याहून वेगळे. ‘हे पाच हजार घ्या आणि या कागदावर सही करा’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा सही करणाऱ्याला या आकड्याची कल्पना नसते, हे दुर्दैव होय.

यांपैकी उपदानाचा हक्क दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत आणि सामान्यतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळतो. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराच्या बाबतीत पाच वर्षांची अट लागू नाही. उपदान देय झाल्यापासून तीस दिवसांत दिले पाहिजे. बडतर्फ केले एवढ्यानेच ते बुडत नाही. मालमत्तेचे नुकसान, हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचा अपराध अशा मर्यादित कारणांनीच ते रोखता येते. भविष्य निर्वाह निधीची तरतूद वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होते. त्या निधीत जमा झालेली रक्कम कामगाराची असते आणि नोकरीतील वादाचे कारण सांगून मालकाला ती अडविता येत नाही.

थकित वेतनाबाबत वेतन संहितेची तरतूद स्पष्ट आहे. कामगाराला काढले असो, कमी केले असो अथवा त्याने स्वतः राजीनामा दिला असो, त्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत दिले पाहिजे. ते न मिळाल्यास तीन वर्षांच्या आत संबंधित प्राधिकाऱ्याकडे दावा करता येतो. वेतन दिले आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अशा दाव्यात मालकावर असते आणि थकित रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. ही तरतूद आस्थापनेत दहा माणसे आहेत की दोन, यावर अवलंबून नाही.

दाद कोठे व केव्हा मागावी

एकट्या कामगाराची बडतर्फी, कपात किंवा सेवासमाप्ती हाही कायद्याने औद्योगिक विवादच होय. त्यासाठी संघटनेचे सदस्य असण्याची अट नाही. प्रथम जिल्ह्यातील कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावयाचा असतो. समेट अधिकारी दोन्ही पक्षांना बोलावून तडजोडीचा प्रयत्न करतो. लहान आस्थापनांतील अनेक प्रकरणांत याच टप्प्यावर मार्ग निघण्यासारखा असतो, कारण देय रकमांचा हिशेब समोर मांडला गेला की मालकालाही आपली बाजू किती दुबळी आहे हे उमगते. समेटाची कार्यवाही ४५ दिवसांत पूर्ण व्हावी अशी तरतूद आहे. ती निष्फळ झाल्यास अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पूर्वीप्रमाणे शासनाने प्रकरण न्यायनिर्णयासाठी सोपविण्याची वाट पाहावी लागत नाही.

येथे मुदत अत्यंत महत्त्वाची आहे. विवाद उत्पन्न झाल्यापासून दोन वर्षे उलटल्यावर समेट अधिकाऱ्याला कार्यवाही करता येत नाही. ‘मालक पुन्हा बोलावतील’ या आशेवर काळ घालविणाऱ्या कामगाराचा हक्क याच ठिकाणी बुडतो.

सेवासमाप्ती बेकायदा ठरल्यास न्यायाधिकरण कामगाराला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश देऊ शकते किंवा त्याऐवजी भरपाई देववू शकते. चुकीने काढलेल्या कर्मचाऱ्यास सेवेच्या सातत्यासह व मागील वेतनासह परत घेणे हा सामान्य नियम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका अध्यापिकेच्या प्रकरणात २०१३ मध्ये सांगितले. मात्र मधल्या काळात आपणास दुसरी नोकरी नव्हती, हे कर्मचाऱ्याने आपल्या कैफियतीत मांडले पाहिजे. रोजंदारीवरील कामगाराच्या कपातीत केवळ नोटीस व भरपाईची त्रुटी राहिली असेल, तर न्यायालये पुष्कळदा पुनःस्थापनेऐवजी ठोक भरपाई देतात. कामगाराला सल्ला देताना ही बाजूही सांगितली पाहिजे.

खर्चाच्या भीतीने अनेकजण न्यायालयाची पायरी चढत नाहीत. परंतु विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची मर्यादा न लावता विनामूल्य विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

पुराव्याची जपणूक

मालक पुढे दोनच गोष्टी म्हणण्याचा संभव असतो. हा माणूस आमच्याकडे नव्हताच, किंवा तो आपणहून निघून गेला. या दोहोंना उत्तर म्हणजे कागद. २४० दिवस काम केले हे प्रथम कामगाराने दाखवावयाचे असते. नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठी, बँकेच्या पुस्तकातील पगाराच्या नोंदी, भविष्य निर्वाह निधीचा किंवा राज्य विमा योजनेचा क्रमांक, ओळखपत्र, मालाच्या पावत्यांवरील स्वतःच्या सह्या, कामाच्या सूचना देणारे भ्रमणध्वनीवरील संदेश, यांपैकी जे असेल ते उपयोगी पडते. यांतील काहीच नसेल, तर सहकाऱ्यांची साक्ष आणि कामगाराची शपथेवरील जबानीही विचारात घेतली जाते. हजेरीपट व वेतनपत्रके मालकाकडून मागविण्याचा अर्ज करता येतो. ती हजर न केल्यास मालकाविरुद्ध अनुमान काढले जाऊ शकते. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत प्रत्येकास नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक आहे.

‘तो आपणहून गेला’ या बचावाला चोख उत्तर एकच. पहिल्या आठ दिवसांतच मालकाला पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवावे. अमुक तारखेस आपणास तोंडी काढण्यात आले, आपण कामावर येण्यास तयार आहोत, कामावर घ्यावे अथवा लेखी कारण व सर्व देणी द्यावीत, एवढा मजकूर पुरेसा आहे. पत्राची प्रत व पोचपावती जपून ठेवावी. कोऱ्या कागदावर, राजीनाम्यावर किंवा ‘सर्व हिशेब मिळाला’ अशा मजकुरावर रक्कम हाती येण्यापूर्वी सही करू नये. मिळालेली अपुरी रक्कम घ्यावीच लागली, तर ‘हक्क राखून स्वीकारली’ असे सहीजवळ लिहावे.

कोणाला ही तरतूद लागू नाही

व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतनाचे पर्यवेक्षक हे संहितेच्या व्याख्येनुसार कामगार नव्हेत. मात्र हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम कोणते, हे पाहिले जाते. दुकानात माल मोजून देणाऱ्याला ‘मॅनेजर’ म्हटल्याने त्याचे हक्क जात नाहीत. घरकाम ही सेवा ‘उद्योग’ या व्याख्येतून वगळली आहे. शिक्षक हेही या अर्थाने कामगार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ मध्ये दिला. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा स्वतंत्र अधिनियम आहे. त्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांच्या आत अपील करावे लागते. शिक्षकांनी ही अल्प मुदत विशेषेकरून ध्यानात ठेवावी.

गावपातळीवर काय करता येईल

ग्रामपंचायत या वादाचा निवाडा करू शकत नाही आणि तिने तसा प्रयत्नही करू नये. परंतु काढलेल्या कामगाराला पत्र लिहून देणे, त्याच्या सेवेच्या तारखा व कागद एकत्र करणे, कामगार कार्यालयाचा आणि विधी सेवा समितीचा पत्ता देणे व मुदतीची आठवण करून देणे, ही कामे कोणीही सुशिक्षित नागरिक करू शकतो. रात्रीच्या वर्गात किंवा ग्रामसभेत वेतनचिठ्ठी कशी वाचावी आणि २४० दिवस कसे मोजावेत, हे तासाभरात समजाविता येते. लहान मालकांनाही हे सांगणे तितकेच हिताचे आहे. नियुक्तिपत्र, चोख हजेरीपट आणि वेळेवर दिलेली नोटीस यांमुळे प्रामाणिक मालकाचे खोट्या दाव्यांपासून रक्षण होते.

नोकरी गेलेल्या माणसाला पुढच्या महिन्याच्या घरखर्चाची चिंता असते. कायद्याचे कलम शोधत बसण्याइतकी उसंत त्याच्यापाशी नसते. पहिल्या आठ दिवसांत त्याला योग्य माहिती देणारा माणूस भेटला, तर त्याने इतक्या वर्षांत कमावलेला हक्क त्याच्या पदरात पडू शकतो.